बारीक करा

दोन हजार पाच सालचा लग्नाचा हंगाम माझं कौतुक होण्यात गेला. त्या कौतुकाचा मला इतका संताप आला, की एवढा संताप आपल्यात असेल असं मला स्वतःला कधी वाटलं नव्हतं.

शहापूरच्या बाजारात भाजी घेताना कोणीतरी हात धरायचं. "काका, काय वाजवलंय!" एसटी स्टँडवर मुरबाडचे जुने वाचक भेटायचे. "गोजरसाहेब, तुम्ही एवढे कलाकार, आणि आम्हाला नुसती पुस्तकंच देत बसलात?" किन्हवलीला एका हळदीत तर मंडपवाल्याने माईकवरून पुकारलं, "गिटारवर आहेत आपल्या तालुक्याचे यमाजी गोजर!" सगळ्या मांडवाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. मला तेवढंच जमतं. आणि कर्ण्यांतून जे वाजत होतं, त्यातला एक सूरही माझा नव्हता.

हे कसं झालं ते नीट सांगून पाहतो. सांगता येईलच याची खात्री नाही. मुरबाडच्या वाचनालयात मी दुसऱ्यांनी लिहिलेलं कपाटात लावायचं काम केलं; स्वतः काही मांडायची सवय नाही.

तरुणपणी कल्याणला एका मास्तरांकडे मी हवाईयन गिटार शिकलो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी पडत नाही, सूर घसरत जातो. एके काळी तिची फार हौस होती लोकांना. पुढे ती गेली, पण माझी राहिली. निवृत्त होऊन शहापूरला आल्यावर मी दुपारी दार लोटून वाजवत बसायचो. ऐकणारी एकच, माझी बायको प्रमिला, आणि तीही स्वयंपाकघरातून.

पुतण्या संदीप आटगावहून रोज मुंबईला नोकरीला जातो आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याने नवा प्रोसेसर घेतला तेव्हा जुना मला आणून दिला. प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची पत्र्याची पेटी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि मधे आवाजाला घुमारा वगैरे जे काही द्यायचं ते ती पेटी आकडेमोड करून देते, म्हणून डिजिटल. बरोबर इंग्रजी माहितीपुस्तिका होती. संदीपने ती उघडलीसुद्धा नव्हती. मी शब्दकोश घेऊन बसलो.

त्यातली एक गोष्ट मला फार पटली. आपल्याला किती ऐकू येतं आणि रेकॉर्ड किती होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुसट छपाईचं पुस्तक दिवा मोठा करून वाचता येतं, पण म्हणून छपाई ठळक होत नाही. पुस्तक घरी नेलं की अक्षर पुसटच. हेडफोन आणि स्पीकर हा दिवा. रेकॉर्डिंगची पातळी ही छपाई. आधी छपाई ठळक करून घ्यायची, शाई फुटणार नाही इतपत, आणि मग दिवा आपल्या डोळ्यांना सोसेल तसा ठेवायचा. माझ्या पेटीवर 'लेव्हल' असं लिहिलेलं एकच बटण होतं. ते उतरवलं की वायरीतून बाहेर पडणारा सगळाच आवाज उतरायचा. म्हणजे ऐकताना मोठं वाटलं म्हणून ते बटण फिरवायचं नाही, हे मी मनाशी घोकून ठेवलं होतं.

वाल्मिक नावाच्या एका तरुणाने त्या वर्षी हळदीच्या गाण्यांची सीडी काढायचं ठरवलं. त्याची स्वतःची बेंजो पार्टी होती आणि शहापुरात मंडप डेकोरेशनच्या गोदामामागे त्याने स्टुडिओ काढला होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे एक काच, काचेपलीकडे मिक्सर, कॉम्प्युटर आणि वाल्मिक. संदीपने त्याला माझं नाव सांगितलं. मी नको म्हटलं. मग सीडीवर शेणव्याच्या पाड्यावरची सकुबाई गाणार आहे असं कळलं, आणि माझ्या तोंडून 'बरं' निघून गेलं.

सकुबाई मजुरी करते. पण आमच्या भागातलं लग्न तिच्याशिवाय उभं राहत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवळा, म्हणजे त्या विधीचं गाणं, ठरलेला. तिच्या धवळ्याला गिटार कशाला हवी, हा प्रश्न मलाही पडला होता. मग एक सुचलं. माझी आई बांधावरून मला हाक मारायची, "यमाऽऽऽ". त्यातला 'मा' वर चढायचा आणि टोकाला पोचून जरासा खाली ओघळायचा. तो ओघळ कांडीवर हुबेहूब निघतो. सुरुवातीला ती हाक वाजवायची आणि ती जिथे संपेल तो सूर धरून सकुबाईने गाणं उचलायचं.

तिला एकदाच वाजवून दाखवलं. ती मान कलती करून ऐकत राहिली.

"दादा, ही तर हाक हाय," ती म्हणाली. "मारा तुमी. मी ओ देते."

रेकॉर्डिंगच्या दिवशी वाल्मिक घाईत होता. "चला, चला! दुपारी लाइट जाणार. एका टेकमध्ये उरकायचं." त्याने सकुबाईच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

"हे काय बोळे घालतोस रे कानात?"

"मावशी, त्याबिगर काकांची गिटार ऐकू नाय येणार. ती वायरीतून जाते."

"माणूस समोर बसलाय नि वायरीतून ऐकू?" असं म्हणून तिने एक कान झाकला आणि एक मोकळा ठेवला.

मी वाजवून पाहिलं. मिक्सरवर दिव्यांची एक पट्टी होती. हिरवे दिवे भरून एखादा पिवळा लागत होता. पुस्तिकेत हवं म्हटलं होतं तसंच. मला बरं वाटलं.

हेडफोनमधून वाल्मिकचा आवाज आला. "काका, लई घुमतोय. जरा बारीक करा."

आमच्या घरात लहानपणापासून 'रेडिओ बारीक कर' म्हणजे आवाज कमी कर. मी लेव्हलचं बटण उतरवलं.

"अजून. अजून बारीक."

अजून उतरवलं. पट्टीवर तळाचे दोनच हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मी हात वर केला. "वाल्मिक, ते दिवे फार खाली आले बहुतेक."

"काका, तुमी वाजवा. दिव्यांचं माझ्यावर सोडा."

सोडलं. त्याने कितीतरी रेकॉर्डिंगं केलेली. माझ्याजवळ काय, तर एक पुस्तिका.

सकुबाई म्हणाली, "मला पण बारीक येतंय रे."

"बारीकच पायजे, मावशी!"

"अरे बाबा, ऐकूच येत नाय!"

"मग असं बोला ना." त्याने हेडफोनचं बटण चढवलं, पाठोपाठ स्वतःजवळच्या स्पीकरचं. आमच्या कानांत गिटार भरून आली. तो खूश झाला. पट्टीवरचे दिवे मात्र दोनच. वाचायचा दिवा मोठा केला होता, छपाई पुसटच होती. मी बोलायला तोंड उघडलं तोवर त्याने बोट वर करून सुरू करायची खूण केली होती.

मी हाक वाजवली. शेवटचा सूर ओघळला आणि तो विरायच्या आत सकुबाईने उचलला, खालून, अलगद, अगदी शेतातून कोणी "ओऽ" म्हणावं तसा. धवळा संपेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. मी चांगलं वाजवलं. हे वाक्य मी याआधी कधी लिहिलेलं नाही, म्हणून खोडत नाही.

वाल्मिकने काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि थोड्या वेळाने लाइट गेली.

सीडी आली ती लग्नं सुरू होताना. कव्हरवर मोठ्या अक्षरांत सकुबाई, तिच्याखाली 'गिटार : यमाजी गोजर' आणि तळाला 'रेकॉर्डिंग : वाल्मिक'. प्रमिलाने हात पुसून ती स्वतः लावली. आणि हाक सुरू झाली.

ती घसरत नव्हती. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तशी एकेक सूर चढत होती आणि टोकाला जाऊन उभीच राहत होती. स्वच्छ, गुळगुळीत. कीबोर्डवर गिटारच्या आवाजाचं बटण असतं, ते दाबून कोणीतरी माझी चाल वाजवली होती. त्यानंतर सकुबाईचा सूर येत होता, पण तो कुठून आला ते कळत नव्हतं.

"छान वाजवलंत हो," प्रमिला म्हणाली.

"हे मी नाही."

"म्हणजे?"

"हे मी वाजवलेलं नाही. हा कीबोर्ड आहे."

"आता पुरे हं! जरा कोणी बरं म्हटलं की तुमचं हे सुरू. एवढं नाव छापलंय, घ्या की गोड मानून."

आयुष्यभर मी 'छे छे, मी कुठला' असंच म्हणत आलो होतो. आता खरोखर 'मी नाही' म्हणायची वेळ आली, तर तेही विनयात जमा झालं. बाजारात तेच, स्टँडवर तेच. "मी नाही वाजवलेलं," म्हटलं की लोक हसत. "वा! काका काय नम्र!" मी संदीपला फोन केला. तो म्हणाला, "काका, वाल्मिकने मिक्सिंगला थोडं टचअप केलं असेल. सगळेच करतात. आणि साउंड तर क्लीन आलाय." माझाच पुतण्या! त्याने माझी गिटार माझ्या मांडीशी बसून ऐकलेली.

मग रात्रंदिवस मनात येऊ लागलं की वाल्मिकचंही बरोबर असेल. माझं खरोखरच वाईट वाजलं असेल. ते ऐकून मला सांगायची त्याला लाज वाटली असेल. त्या कल्पनेने संतापाची धार जायची आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाठ थोपटली की परत यायची.

किन्हवलीच्या त्या हळदीत माईकवरून माझं नाव घेतलं, तेव्हा सकुबाईही तिथेच होती, नवरीच्या घरची हळद गायला आली होती. मी हात जोडून उभा असताना ती बायकांमधून उठली आणि सरळ माझ्यापुढे आली.

"दादा, तुमच्या जागी ही कोणाची बाजाची पेटी घातली?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"मी तुमच्या हाकेला ओ दिलीवती. ह्यांनी हाक काढली नि ओ तेवढी ठेवली. कोणी बोलवलं नाय नि मी आपली येड्यासारखी ओ ओ करते? माझ्या पाड्यावरची पोरं हसतील मला."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी कळलं होतं, आणि जिला कळलं तिचाही अपमान झाला होता. माझ्या एकट्याचा असता तर मी घरी जाऊन गप्प पडलो असतो, हे मला माहीत आहे.

"उद्या शहापूरला येता?" मी विचारलं.

"येते की. सोडते का काय!"

वाल्मिक गोदामात खुर्च्या मोजून घेत होता. आम्हाला पाहून त्याने हात पसरले. "या या, कलाकार! सीडी तर धावतेय!"

"माझी गिटार कुठे आहे?" मी म्हणालो.

"सीडीत, काका."

"सीडीत नाही."

तो सकुबाईकडे बघत मान खाजवायला लागला. मग आम्हाला आत नेलं. "काका, राग मानू नका. तुमचा ट्रॅक एकदम वीक आलावता. मिक्सिंगला वाढवला तर नुसता सूंऽऽ. हात हलका पडतो तुमचा, वय झालं की व्हतं तसं. मग मी कीबोर्डवर मारली तुमचीच चाल. नाव तर तुमचंच ठेवलं ना? कोणाला कळतंय?"

"मला कळलं," सकुबाई म्हणाली.

"तुमी सोडून, मावशी."

"मी सोडून कशी? गाणं माझं हाय ना?"

"माझं मूळ वाजवणं आहे का अजून?" मी विचारलं. ते कॉम्प्युटरमध्ये होतं. त्याने पडद्यावर आणलं. वर सकुबाईचा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा उंचसखल पसरलेला, आणि खाली माझी गिटार, एखादा दोरा ताणून ठेवावा तशी सरळ रेघ.

"बघा. केवढा बारीक!"

"तुम्हीच म्हणालात, बारीक करा."

"मी? मी बारीक म्हटलं ते ट्रेबल! आवाज घुमत व्हता ना, म्हणून जाड कमी करा, बारीक वाढवा. आमच्या लाइनीत जाड म्हंजे बेस नि बारीक म्हंजे ट्रेबल."

"आमच्या घरात बारीक म्हणजे लहान."

"आन् मी बारीक येतंय म्हटलं, तवा रे?" सकुबाईने विचारलं.

वाल्मिकने कपाळावर हात मारला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. "च्यायला! बारीकने घोटाळा केला! काकांनी आवाज उतरवला नि मी माझा स्पीकर चढवून बसलो!" हसता हसता तो खुर्चीत मागे रेलला. "सॉरी, काका. काय सांगू आता!"

मीही हसलो असतो. शब्दाची चूक कोणाकडूनही होते. पण त्याचं हसणं थांबेना.

"दिवे खाली आलेत, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात, माझ्यावर सोडा. मी सोडले. त्याचा हिशेब तुम्ही माझ्या वयावर लावलात? हात हलका पडतो म्हणून?"

"काका, तसं नाय..."

"तसंच आहे. बारीकची चूक चूकच होती, ती गेली. पण त्यानंतर जे केलंत ती चूक नव्हती. मी इथे चालत येण्याइतका जवळ राहतो. तुम्ही बोलावलं असतं तर दहादा वाजवलं असतं. तुम्ही विचारलं नाही, कळवलं नाही. दुसऱ्याचं वाजवणं माझ्या नावाने विकलंत, आणि मी तालुकाभर त्याचे नमस्कार घेत फिरतोय! आमच्या वाचनालयात एका लेखकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावाच्या कव्हरात घालून कोणी फळीवर ठेवलं असतं, तर मी त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं."

माझा आवाज बाहेर गोदामात गेला असावा, कारण खुर्च्यांची खडखड थांबली. वाल्मिक ताठ बसला.

"बरं," तो म्हणाला. "आत्ता वाजवा. बसा इथं. लेव्हल बघून घेतो, तुमच्यासमोर. नव्या कॉप्यांत तो टाकतो."

ते ऐकून माझा राग निवळायलाच आला होता. सकुबाई मात्र जागची हलली नाही.

"माझी ओ तर आदीच पडलीय," ती म्हणाली. "आता मागून हाक मारून कोणाला बोलवायचं? मी काय ती हाक ऐकून गायले नाय."

"मग तुमी पण परत गा, मावशी."

"मी नाय. तवा निघालं ते निघालं. ते हाय ना तुझ्या डबड्यात? तेच लाव."

"अवो सूं येतंय त्यात! ऐका." त्याने दोऱ्यासारखी ती रेघ वाढवून लावली. गिटारच्या आधी सूंऽऽ असा आवाज खोलीभर पसरला, आणि त्यातून माझी हाक वर आली, वर चढली, ओघळली. सकुबाईने ओ दिली. वाल्मिकने धवळा शेवटपर्यंत वाजू दिला.

"भात शिजतो तवा पण सूं येतो," सकुबाई म्हणाली. "म्हणून भात टाकतो का आपण?"

"मावशी, मार्केटमध्ये लोक काय बोलतील? रेकॉर्डिंग खराब म्हणतील. माझी इज्जत जाईल."

आणि तेव्हा मी जे बोललो ते माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही समजत नाही. मी टेबलावरची सीडी उचलली आणि कव्हरच्या तळावर बोट ठेवलं.

"इथे 'रेकॉर्डिंग : वाल्मिक' असंही छापलंय. सूं तुमचं आहे. वाजवणं माझं आहे. ज्याचं त्याच्या नावाखाली राहू दे."

सकुबाईने तोंडाला पदर लावला. मग उठता उठता तिने वाल्मिकला सांगितलं, "तुला पाठवणीची गाणी पण हवीत ना? त्यात तुझी पेटीच गाऊ दे मग. मी नाय येत."

नव्या कॉप्यांत त्याने माझं मूळ वाजवणंच लावलं. राजीखुशीने नाही. 'क्लासिक साउंड म्हणून खपवतो' असं काहीतरी पुटपुटत लावलं. आधीच्या सीड्या परत घेता येत नव्हत्या. त्या अजून मांडवामांडवात वाजतात आणि माझं नाव घेतलं जातं. मी आता हात जोडत नाही. "ती जुनी सीडी. त्यात मी नाही. नवी लावा," असं सांगतो. लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे.

नवी सीडी घरी आली तेव्हा प्रमिला स्वयंपाकघरात होती. मी तिला न सांगता लावली. सूं सुरू झालं.

"अहो, कुकर चढवलात का तुम्ही?" आतून आवाज आला.

हाक वर चढली, टोकाला पोचून ओघळली, आणि सकुबाईने ओ दिली. प्रमिला ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. दुपारी लोटलेल्या दारामागे इतकी वर्षं तिने जे ऐकलं होतं तेच ते होतं. तिला सांगायची गरज नव्हती.

"हे तुम्ही," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "मग मेलं ते आधीचं कोण होतं?"

"अगं, तेच तर मी इतके दिवस सांगत होतो!" मी ओरडलो. खरंच ओरडलो.

ती दचकली. "हळू बोला हो," ती म्हणाली, "सकुबाई गातेय."